किडीचे जवळून छायाचित्र : भिंगे व जोडसाधनांची निवड

पोळ्याच्या सुमारास बोदवड तालुक्यातील काळ्या जमिनीवरील कपाशी पात्या-फुलांवर येते. त्याच दिवसांत शेतकऱ्यास हंगामातील महत्त्वाचे निर्णय घ्यावे लागतात. फवारणी करावी की थांबावे, करावयाची तर कोणत्या औषधाची आणि किती दिवसांनी, या प्रश्नांचे उत्तर पुष्कळदा एक-दोन मिलिमीटर लांबीच्या प्राण्यावर अवलंबून असते. पानाच्या मागे दिसणारा ठिपका फुलकिड्याचा आहे, तुडतुड्याच्या पिल्लाचा आहे की मित्रकिडीच्या अंड्याचा, हे नुसत्या डोळ्यांनी सांगणे अनुभवी माणसासही कठीण जाते. पूर्वी अशा वेळी किडलेली फांदी पिशवीत घालून तालुक्याच्या गावी न्यावी लागे. कचेरीत पोहोचेपर्यंत पान कोमेजे, आणि उडणारी कीड तर वाटेतच नाहीशी होई.

आज बहुतेक घरांत कॅमेरा असलेला मोबाईल आहे आणि छायाचित्र क्षणात तज्ज्ञापर्यंत पोहोचते. तथापि पाठविलेल्या चित्रांपैकी कित्येक निरुपयोगी ठरतात. कोठे हिरवा धूसर पट्टा दिसतो, कोठे पान स्पष्ट असते पण कीड टिंबाएवढी दिसते, तर कोठे कीड दिसूनही तिची लांबी कळत नाही. हा दोष बहुधा कॅमेऱ्याच्या किमतीचा नसतो. जवळच्या छायाचित्रणास लागणारे भिंग, प्रकाश व माप यांची योग्य योजना न केल्याने तो उद्भवतो. या साधनांची निवड कशी करावी, कशावर पैसा खर्च करावा व कशावर करू नये, याचे विवेचन गावपातळीवरील कार्यकर्ते व शेतकरी यांच्याकरिता येथे केले आहे.

ओळख चुकल्यास काय होते

गुलाबी बोंडअळी ही या भागास नवी नाही. इ.स. १८४२ मध्ये भडोच येथे कपाशीचे नुकसान करताना ती आढळली आणि पुढील वर्षी सॉन्डर्स या शास्त्रज्ञाने तिचे शास्त्रीय वर्णन केले. जुन्या पुस्तिकांतून तिचा उल्लेख शेंदरी बोंडअळी असा येतो. २००२ मध्ये बीटी कपाशीस परवानगी मिळाली व २००६ मध्ये तिचा दोन जनुकांचा प्रकार आला. त्यानंतर काही वर्षे बोंडअळ्यांची चिंता कमी झाली होती. परंतु पुढे गुलाबी बोंडअळीत बीटीविरुद्ध प्रतिकारशक्ती निर्माण झाली आणि २०१७ च्या खरिपात महाराष्ट्रातील कपाशीचे तिने मोठे नुकसान केले. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर मृत्युमुखी पडले. प्रत्येक फवारणी ही खर्चाची व धोक्याची बाब आहे. ती गरज असेल तेव्हाच व्हावी, याचे महत्त्व त्या एका वर्षाने सर्वांस पटवून दिले.

चुकीची ओळख दोन्ही बाजूंनी घातक असते. कपाशीचे पान लाल पडले म्हणजे ते तुडतुड्यांमुळे, असे समजून फवारा मारला जातो. पण पानाच्या मागे तुडतुडे नसतील, तर तो लाल्या असून त्याचे कारण मॅग्नेशियमसारख्या अन्नद्रव्याची कमतरता असू शकते. अशा पिकावर कीटकनाशक मारून काहीच साधत नाही. दुसरे उदाहरण पिठ्या ढेकणाचे. पिठ्या ढेकूण खाणाऱ्या क्रिप्टोलिमस या भुंगेऱ्याची अळीसुद्धा पांढऱ्या मेणचट धाग्यांनी मढलेली असते व हुबेहूब ढेकणासारखीच दिसते. शेतकरी शत्रू समजून मित्राचाच नाश करतो. या दोहोंत फरक असा की, कपाशीवरील पिठ्या ढेकणाची मादी सुमारे पाच मिलिमीटरपर्यंत वाढते, तर पूर्ण वाढलेली क्रिप्टोलिमसची अळी त्याच्या दुपटीहून लांब असते आणि चपळपणे चालते. म्हणजे छायाचित्रात केवळ माप दिसले तरी निम्मे काम होते.

मक्यावरील लष्करी अळीची गोष्टही अशीच आहे. २०१८ मध्ये ती भारतात प्रथम कर्नाटकात आढळली व त्याच वर्षी महाराष्ट्रातही आली. तिच्या डोक्यावर इंग्रजी वाय अक्षर उलटे लिहिल्यासारखी फिकट खूण असते आणि शेपटीकडील भागावर चौकोनाच्या चार कोपऱ्यांत चार काळे ठिपके असतात. या दोन खुणा चित्रात स्पष्ट आल्या की ओळखीविषयी शंका राहत नाही. न आल्यास ती कोणतीही अळी असू शकते.

‘मॅक्रो’ शब्दावर जाऊ नये, पट्टी मांडून पाहावे

दुकानात ‘मॅक्रो’, ‘दहापट’, ‘पंधरापट’, ‘सुपर मॅक्रो’ असे शब्द सर्रास वापरले जातात. ते एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. हातातील भिंगावर दहापट असे लिहिले असेल तर त्याचे नाभीय अंतर अडीच सेंटिमीटर, वीसपट असेल तर सव्वा सेंटिमीटर, असा हिशेब असतो. कॅमेऱ्याच्या खऱ्या मॅक्रो भिंगावर मात्र ‘एकास एक’ असे प्रमाण दिलेले असते. त्याचा अर्थ, वस्तू जेवढी मोठी तेवढीच तिची प्रतिमा कॅमेऱ्याच्या आतील संवेदक पट्टीवर पडते.

या सर्व नावांच्या गोंधळातून सुटण्याचा एक साधा उपाय आहे. शाळेतील मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी सपाट ठेवावी. भिंग लावून, चित्र स्पष्ट राहील इतक्या जवळ कॅमेरा न्यावा व पट्टीचे छायाचित्र घ्यावे. चित्राच्या रुंदीत एकूण किती मिलिमीटर मावले ते मोजावे. हा आकडा जितका लहान, तितकी कीड मोठी दिसणार. कोणत्याही कंपनीचे, कोणत्याही किमतीचे साधन या कसोटीला लावता येते.

याचा हिशेब असा मांडता येईल. साधारण मोबाईलच्या चित्राच्या रुंदीत ४,००० बिंदू असतात असे धरू. मुख्य कॅमेरा वस्तूपासून आठ-दहा सेंटिमीटरपेक्षा जवळ नेला की बहुतेक मोबाईलचे चित्र धूसर होते. त्या अंतरावर चौकटीत सुमारे १०० मिलिमीटर रुंदी मावते. म्हणजे एक मिलिमीटरच्या फुलकिड्यास अवघे ४० बिंदू मिळतात. त्यात त्याचे पाय, पंख किंवा मिशा दिसण्याची आशा करू नये. हीच चौकट २० मिलिमीटरवर आणली, तर त्याच फुलकिड्यास २०० बिंदू मिळतात व तो ओळखू येतो.

किडीच्या लांबीप्रमाणे चौकट किती असावी याचा अंदाज पुढीलप्रमाणे ठेवावा. वाढलेली अळी, पतंग, डोमकळी किंवा फोडलेले बोंड यांच्यासाठी ५० ते ८० मिलिमीटरची चौकट पुरते. तुडतुडे सुमारे तीन मिलिमीटरचे असतात. त्यांना व पिठ्या ढेकणांना २० ते ४० मिलिमीटरची चौकट हवी. फुलकिडे, पांढरी माशी, मावा व बोंडअळीची अंडी यांच्यासाठी ती २० मिलिमीटर किंवा त्याहून कमी असावी. याहून सूक्ष्म म्हणजे बुरशीचे बीजाणू वगैरे पाहावयाचे असल्यास ते काम सूक्ष्मदर्शकाचे समजावे. त्यासाठी मॅक्रो साधनांवर खर्च करणे व्यर्थ होय.

मोबाईलसाठी भिंग

गावपातळीवरील कार्यकर्त्याकडे कीड पाहण्याचे दहापट हातभिंग असतेच, किंबहुना ते असलेच पाहिजे. हेच भिंग मोबाईलच्या मुख्य कॅमेऱ्यासमोर अगदी टेकवून धरले आणि पानापासून सुमारे अडीच सेंटिमीटरवर मोबाईल नेला, तर चौकट १०० मिलिमीटरवरून ३०-३५ मिलिमीटरवर येते. एक पैसाही खर्च न करता मिळणारी ही सोय सर्वांत आधी वापरून पाहावी. भिंग हलू नये म्हणून ते रबरी छल्ल्याने किंवा चिकटपट्टीने मोबाईलच्या वेष्टनावर बसवावे.

मोबाईलला चिमट्याने बसणारी भिंगे काही शे रुपयांत मिळतात. ती घेताना चार गोष्टी पाहाव्यात. भिंग काचेचे असावे; प्लॅस्टिकच्या भिंगास शेतातील धुळीने लवकर ओरखडे पडतात. चिमट्याची पकड घट्ट असावी आणि त्याचे तोंड मोबाईलच्या मुख्य कॅमेऱ्यावर बरोबर बसावे. आजच्या कित्येक मोबाईलना मागे दोन-तीन कॅमेरे असतात. वस्तू जवळ आली की मोबाईल आपण होऊन दुसऱ्या कॅमेऱ्याकडे वळतो व भिंग पहिल्यावरच राहते. अशी आपोआप बदलाची सोय असल्यास ती बंद करावी. शेवटी, दुकानातच वर्तमानपत्राच्या छापील मजकुराचे चित्र घेऊन पाहावे. मधली अक्षरे स्पष्ट आणि कडेची पुसट येतील, हे स्वाभाविक आहे. पण अक्षरांभोवती जांभळ्या-हिरव्या कडा ठळक दिसत असतील तर ते भिंग घेऊ नये. किडीचा व पानाचा रंग ही ओळखीची महत्त्वाची खूण आहे आणि असे भिंग नेमका रंगच बिघडवते.

काही मोबाईलमध्ये ‘मॅक्रो’ म्हणून दोन मेगापिक्सेलचा वेगळा कॅमेरा दिलेला असतो. तो असल्याने आनंदून जाऊ नये. मुख्य कॅमेरा व भिंग यांचे चित्र त्याहून पुष्कळदा सरस येते. पट्टीची कसोटी लावून दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. पडद्यावर दोन बोटे पसरून केलेले अंकीय वर्धन हे खरे वर्धन नव्हे. त्याने आहे तेवढेच बिंदू ताणले जातात.

कॅमेऱ्यासाठी जोडसाधने

तालुका कचेरी, कृषी विज्ञान केंद्र, शेतकरी गट किंवा कृषी महाविद्यालय यांच्याकडे भिंग बदलता येणारा कॅमेरा असतो. त्यासोबत मिळणारे १८-५५ मिलिमीटरचे सामान्य भिंग जवळात जवळ नेले तरी प्रतिमा सुमारे एक तृतीयांश प्रमाणातच घेते. म्हणजे चौकटीत सत्तरेक मिलिमीटर मावतात. डोमकळीला ते पुरे, फुलकिड्याला नाही. येथून पुढे जाण्याचे चार मार्ग आहेत.

पहिला मार्ग क्लोजअप भिंगाचा. ही गोल काच मूळ भिंगाच्या तोंडावर आट्यांनी बसते. तिची शक्ती डायॉप्टरमध्ये सांगतात. शंभराला डायॉप्टरने भागले की नाभीय अंतर सेंटिमीटरमध्ये मिळते. म्हणजे चार डायॉप्टरच्या काचेचे नाभीय अंतर २५ सेंटिमीटर. मूळ भिंग दूरच्या वस्तूवर स्थिर ठेवून ही काच लावली, तर कीड काचेपासून २५ सेंटिमीटरवर असताना स्पष्ट दिसते आणि मूळ भिंगाचे नाभीय अंतर भागिले काचेचे नाभीय अंतर एवढे वर्धन मिळते. यावरून एक उपयुक्त गोष्ट ध्यानात येईल. हीच चार डायॉप्टरची काच ५५ मिलिमीटरच्या भिंगावर लावली तर वर्धन एक पंचमांशाच्या आसपास मिळते, पण ५५-२५० मिलिमीटरच्या दूरदर्शी भिंगाच्या २५० या टोकास लावली तर ते एकास एक होते. ज्यांच्याकडे असे दूरदर्शी भिंग आहे त्यांच्यासाठी हा सर्वांत स्वस्त व सोयीचा मार्ग होय. एकपदरी काचेने कडा पुसट होतात, म्हणून दोन काचा जोडून रंगदोष काढलेली क्लोजअप भिंगे मिळतात ती घ्यावीत. खरेदीपूर्वी मूळ भिंगाच्या तोंडाचा व्यास पाहावा. तो ५२, ५५ किंवा ५८ असा मिलिमीटरमध्ये भिंगावर कोरलेला असतो.

दुसरा मार्ग पोकळ नळीचा. दुकानात तिला एक्स्टेन्शन ट्यूब म्हणतात. तिच्यात काच नसते. ती कॅमेरा व भिंग यांच्यामध्ये बसते आणि भिंगाला संवेदक पट्टीपासून दूर नेते, त्यामुळे वर्धन वाढते. नळीची लांबी भागिले भिंगाचे नाभीय अंतर एवढे वर्धन अधिक मिळते. ५० मिलिमीटरच्या भिंगामागे २५ मिलिमीटरची नळी बसविली की निम्मे, आणि १२ व ३६ मिलिमीटरच्या नळ्या जोडल्या की जवळजवळ एकास एक. विद्युत् संपर्काच्या पिना असलेल्या नळ्याच घ्याव्यात. पिना नसतील तर आजच्या बहुतेक भिंगांचे छिद्र कॅमेऱ्यावरून लहान-मोठे करता येत नाही. १८ मिलिमीटरसारख्या रुंद टोकास नळी लावण्यात अर्थ नाही, कारण कीड जवळजवळ काचेलाच टेकवावी लागते.

तिसरा मार्ग भिंग उलटे बसविण्याच्या कडीचा. ही कडी अत्यंत स्वस्त असते व वर्धनही भरपूर देते. परंतु भिंगाची मागील नाजूक बाजू उघडी पडते व छिद्राचे नियंत्रण जाते. वेचणीच्या दिवसांतील धूळ व कपाशीचे तंतू ध्यानात घेता शेतात हा प्रयोग करू नये. टेबलावर ठेवलेल्या नमुन्यासाठीच तो ठीक.

चौथा मार्ग खास मॅक्रो भिंगाचा. ते अनंत अंतरापासून एकास एक प्रमाणापर्यंत कोठेही स्पष्ट चित्र देते, काहीही जोडावे-काढावे लागत नाही आणि चित्र कडेपर्यंत रेखीव येते. काही कंपन्या यालाच ‘मायक्रो’ म्हणतात. त्याची किंमत मात्र मोठी असते. एकट्या शेतकऱ्याने ते घेण्याचे कारण नाही. ज्या संस्थेस वर्षभर चित्रे घेऊन पुस्तिका, फलक व प्रशिक्षणाचे साहित्य तयार करावयाचे आहे, तिलाच हा खर्च परवडतो.

किडीपासूनचे अंतर

भिंग निवडताना वर्धनाइतकाच विचार किडीपासूनच्या अंतराचा करावा. एकास एक प्रमाणात ६० मिलिमीटरच्या मॅक्रो भिंगाचे तोंड किडीपासून सुमारे दहा सेंटिमीटरवर येते, तर १०० मिलिमीटरच्या भिंगाचे सुमारे पंधरा सेंटिमीटरवर. हा पाच सेंटिमीटरचा फरक थोडा वाटतो, परंतु पांढरी माशी उडणे वा न उडणे त्यावर ठरते. शिवाय भिंग फार जवळ गेले की त्याची स्वतःचीच सावली किडीवर पडते. उडणाऱ्या किडी व पतंग यांच्यासाठी म्हणून १०० मिलिमीटरच्या आसपासचे भिंग, अथवा वर सांगितलेले दूरदर्शी भिंग व क्लोजअप काच, ही योजना उत्तम. अंडी, पिठ्या ढेकूण, फोडलेले बोंड या न हलणाऱ्या गोष्टींसाठी ५० मिलिमीटरचे भिंग व नळी पुरेशी आहे.

पहाटे दव असताना कीटक सुस्त असतात. दुपारच्या उन्हात महागड्या भिंगाने जे साधत नाही ते सकाळी साध्या भिंगाने साधते.

स्पष्टता, प्रकाश व आधार

जवळच्या छायाचित्रणातील मुख्य अडचण अशी की, कीड पुढून मागेपर्यंत एकाच वेळी स्पष्ट येत नाही. एकास एक प्रमाणात एफ/८ या छिद्रावर स्पष्टतेची खोली पाऊण मिलिमीटरहूनही कमी असते. छिद्र एफ/१६ इतके लहान केले तरी ती सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाते. त्याहून लहान छिद्र केल्यास प्रकाशाच्या विवर्तनामुळे सगळेच चित्र मऊ पडते. यास्तव एफ/८ ते एफ/१६ ही मर्यादा ठेवावी व कीड आडवी, म्हणजे तिची कूस भिंगाच्या काचेला समांतर राहील, अशा रीतीने कॅमेरा धरावा. मग डोक्यापासून शेपटीपर्यंत ती एकाच पातळीत येते. भिंगाची कडी फिरवीत बसण्याऐवजी कॅमेराच केसभर मागे-पुढे करावा आणि चार-सहा चित्रे घ्यावीत.

मॅक्रो भिंगाने किंवा नळीने एकास एक प्रमाण गाठताना संवेदक पट्टीवर पोहोचणारा प्रकाश चौथ्या हिश्शावर येतो. त्यातच छिद्र लहान केलेले. म्हणून पैसे शिल्लक असतील तर ते दुसऱ्या भिंगाऐवजी प्रकाशावर खर्च करावेत. झगझगीत फ्लॅश सरळ मारला तर अळीची ओलसर त्वचा व मेणचट पान चमकते आणि खुणा लोपतात. फ्लॅशपुढे ट्रेसिंग पेपर किंवा पातळ पांढरे कापड ताणून बसविले की प्रकाश मऊ होतो. भिंगाभोवती बसणारा गोल दिवा सोयीचा असला, तरी त्याने उठाव कमी होतो. टेबलावरील नमुन्यास तो चांगला. मोबाईलवाल्यांनी स्वतःच्या सावलीत किंवा पांढऱ्या छत्रीखाली पान धरावे आणि दुसऱ्या बाजूने पांढऱ्या कागदाने उजेड परतवावा. निळ्या ताडपत्रीखाली किंवा रंगीत छत्रीखाली चित्र घेऊ नये, त्याने पानाचा रंग फसवा येतो.

कपाशीच्या ओळीत तीन पायांची तिपाई मांडणे अवघड जाते व वाऱ्याने झाड हलतच राहते. त्यापेक्षा कमरेएवढी बांबूची काठी कॅमेऱ्याबरोबर मुठीत धरून जमिनीवर टेकवावी. दुसरी काठी झाडाजवळ रोवून कपडे वाळत घालण्याच्या चिमट्याने फांदी तिला अडकवावी. हे दोन उपाय कोणत्याही महागड्या तिपाईपेक्षा शेतात अधिक कामास येतात.

मापाची पट्टी व तीन चित्रे

मापाशिवाय घेतलेले चित्र अपुरे समजावे. पुष्कळ जण किडीशेजारी नाणे ठेवतात. पण एक रुपयाची नाणी निरनिराळ्या आकारांची आहेत. जुन्या पोलादी नाण्याचा व्यास २५ मिलिमीटर, २०११ च्या मालिकेतील नाण्याचा सुमारे २२ व २०१९ च्या मालिकेतील नाण्याचा २० मिलिमीटर आहे. कोणते नाणे ते न कळल्यास मापात चौथा-पाचवा हिस्सा चूक होते. त्यापेक्षा मिलिमीटरच्या आलेख कागदाचा तुकडा कार्डावर चिकटवून खिशात ठेवावा. कीड व कागद एकाच पातळीत असावेत.

प्रत्येक वेळी किमान तीन चित्रे घ्यावीत. पहिले, झाड व आजूबाजूची ओळ दिसेल असे दुरून. यावरून प्रादुर्भाव सर्वत्र आहे की ठिकठिकाणी हे कळते. दुसरे, पान, फूल किंवा बोंड यांचे. पानाच्या दोन्ही बाजूंचे घ्यावे, कारण तुडतुडे, पांढरी माशी व फुलकिडे मुख्यतः पानाच्या मागेच असतात. तिसरे, किडीचे मापासह अगदी जवळून. फुलकिडे पानावर सापडत नसतील तर शेंडा काळ्या कागदावर हलकेच झटकावा.

गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत केवळ बाहेरून चित्र घेऊन भागत नाही. लहान अळी हिरव्या बोंडात शिरली की छिद्र बुजून जाते व बोंड बाहेरून निरोगी दिसते. शेताच्या निरनिराळ्या भागांतील २० हिरवी बोंडे फोडावीत. त्यांपैकी दोन बोंडांत अळी आढळली तर प्रादुर्भाव दहा टक्के, म्हणजे आर्थिक नुकसानीच्या पातळीस पोहोचला. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ किंवा अधिक पतंग सापडले तरी तोच इशारा समजावा. फोडलेल्या सर्व बोंडांचे एकत्र चित्र मोठ्या चौकटीत व त्यांतील अळीचे लहान चौकटीत घ्यावे. लहान वयाची अळी पांढुरकी व काळसर डोक्याची असते, गुलाबी रंग नंतर येतो. रंग गुलाबी नाही म्हणून ती दुसरी अळी, असा निष्कर्ष चित्रावरून काढू नये.

हेही विसरू नये की एका किडीचे सुंदर चित्र म्हणजे फवारणीचा सल्ला नव्हे. चित्र कीड कोणती ते सांगते. ती किती आहे हे मोजणीनेच कळते. चित्रासोबत गाव, पीक, वाण, पेरणीची तारीख, मागील फवारणी व मोजलेली संख्या लिहून पाठवावी.

चित्र पाठविताना

संदेशाच्या अ‍ॅपवरून चित्र नेहमीच्या पद्धतीने पाठविले की ते दाबले जाते व मोठ्या कष्टाने मिळविलेले बिंदू कमी होतात. म्हणून तेच चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. किडीभोवतीचा भाग कापताना माप कापले जाणार नाही, हे पाहावे. रंग उजळ करणाऱ्या सोयी वापरू नयेत.

बोदवड परिसरातील शेतकऱ्यांना तालुका कृषी अधिकारी कार्यालय, तसेच जळगाव जिल्ह्यातील मुमराबाद व पाल येथील कृषी विज्ञान केंद्रे जवळची आहेत. महाराष्ट्रात क्रॉपसॅप हा कीड-रोग सर्वेक्षण व सल्ल्याचा प्रकल्प २००९-१० पासून उभा राहिला. केंद्र शासनाने १५ ऑगस्ट २०२४ रोजी राष्ट्रीय कीड निरीक्षण प्रणाली सुरू केली असून, तिच्यात मोबाईलवरील छायाचित्रावरून यंत्रबुद्धीच्या साह्याने कीड ओळखण्याची सोय आहे. मात्र यंत्र झाले तरी ते चित्रात असेल तेवढेच पाहू शकते. धूसर चित्राला तज्ज्ञ ‘पुन्हा पाठवा’ असे तरी सांगतो; यंत्र कदाचित चुकीचे नाव सांगून मोकळे होईल.

साधनांची निगा

काळ्या जमिनीची बारीक धूळ व पावसाळ्यातील दमट हवा हे भिंगाचे मोठे शत्रू होत. काच प्रथम रबरी फुग्याने फुंकावी, नंतर मऊ कुंचल्याने झटकावी आणि शेवटी स्वच्छ सुती कापडाने पुसावी. धूळ असताना सदऱ्याने पुसल्यास ओरखडे पडतात. पावसाळ्यात भिंगे घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावीत, नाहीतर काचेवर बुरशी धरते. नुकत्याच फवारलेल्या शेतात चित्रे घेण्यासाठी जाऊ नये व औषधाचे हात कॅमेऱ्यास लावू नयेत. तो कॅमेरा पुढे डोळ्याजवळ व तोंडाजवळ येतो.

कोणी काय घ्यावे

शेतकऱ्याने आपल्या मोबाईलसाठी दहापट हातभिंग किंवा काचेचे चिमटा भिंग, आलेख कागदाचे कार्ड व पांढरा कागद एवढेच घ्यावे. गावपातळीवरील कार्यकर्त्याने त्यात अधिक वर्धनाचे एक भिंग व बांबूची काठी जोडावी. शेतकरी गट किंवा तालुका पातळीवर कॅमेरा आधीच असल्यास पिनांच्या नळ्यांचा संच अथवा रंगदोषरहित क्लोजअप भिंग व एक फ्लॅश घ्यावा. खास मॅक्रो भिंग संशोधन व प्रशिक्षण संस्थांनी घ्यावे. प्रत्येक खरेदीपूर्वी पट्टी मांडून चौकटीतील मिलिमीटर मोजावेत.

फवारणीच्या एका फेरीचा खर्च व त्यातील जोखीम यांपुढे या साधनांची किंमत क्षुल्लक आहे. ज्या शिवारात औषधाच्या बाटलीआधी भिंग हाती घेतले जाईल, तेथे अनावश्यक फवारणी टळेल, मित्रकिडी जगतील, आणि खरोखर गरज पडेल तेव्हा उपाय वेळेवर व नेमका होईल. बोदवड परिसरातील शेतकरी बंधू-भगिनींनी व कार्यकर्त्यांनी येत्या हंगामात कपाशी पात्यावर येण्यापूर्वीच आपले भिंग, कार्ड व मोबाईल यांची पट्टीवर परीक्षा करून ठेवावी.